अठ्ठ्याण्णव टक्के एकमत

(तेहरान. विद्यापीठातल्या एका संगणक विभागात डॉ. नजमाबादींची खोली. हिवाळ्यातली दुपार. समोर त्यांची संशोधक विद्यार्थिनी मानदाना वफाई. थोड्या वेळाने यदुल्ला सरमदी येतात. ते काशानचे निवृत्त साहित्य-शिक्षक, मानदानाचे शाळेतले उस्ताद.)

नजमाबादी: अठ्ठ्याण्णव! अगं, नवरा-बायकोचं नाही होत इतकं एकमत. रात्री जेवायला काय करायचं यावर माझं आणि माझ्या बायकोचं शंभरात चाळीस वेळा जमतं, आणि तेवढ्यावर आम्ही सुखी जोडपं म्हणून मिरवतो.

मानदाना: आम्ही दोघांनी मन लावून वाचलं, डॉक्टर, म्हणून...

नजमाबादी: मन लावून. बरं. मला एक पहिल्या वर्षाच्या पोरीसारखं सांग. तीन वर्षं आपण या खोलीत काय करतोय?

मानदाना: फारसीसाठी चाचणी-संग्रह.

नजमाबादी: म्हणजे काय? मी दूधवाला आहे असं समज.

मानदाना: जुन्या वर्तमानपत्राच्या लाखभर बातम्या आहेत. त्यांवर पन्नास प्रश्न काढलेत. वेगवेगळी शोधयंत्रं प्रत्येक प्रश्नाला बातम्या हुडकून देतात. त्या माणसाने वाचायच्या आणि सांगायचं, ही प्रश्नाला लागू, ही गैरलागू. त्यावरून कळतं, फारसीत कुठलं यंत्र बरं शोधतं.

नजमाबादी: आणि वाचणारी माणसं दोन का? एकाचा चहा वाचला असता.

मानदाना: एकाची चूक होऊ शकते. दोघांनी वेगवेगळं वाचायचं. एकमेकांना न विचारता.

नजमाबादी: न विचारता. पुन्हा म्हण, कानाला गोड लागतं. इंग्रजीवाल्यांच्या दोन परीक्षकांचं किती जमतं गं?

मानदाना: सत्तर टक्के. फार तर पंचाहत्तर.

नजमाबादी: आणि आमचे दोन देवदूत अठ्ठ्याण्णव! मी ते छाती फुगवून परदेशातल्या परिषदेला पाठवलं. त्यांचं उत्तर आलंय. फार सभ्य लोक बघ. विचारतात, आपल्याकडे परीक्षक खरंच दोन आहेत, की एकच माणूस दोन टोप्या घालतो?

मानदाना: त्यांना आपल्या लोकांचं काय माहीत!

नजमाबादी: मला माहीत आहे ना. प्रश्न एकतीस उघड. भूकंप आणि शाळांच्या इमारती. सरमदींची फाईल. मधली ती बातमी वाच.

मानदाना: तबरीझच्या एका शाळेच्या भिंतीला तडे.

नजमाबादी: म्हाताऱ्याची खूण?

मानदाना: गैरलागू.

नजमाबादी: खालची?

मानदाना: पिस्त्याचा भाव उतरला.

नजमाबादी: खूण?

मानदाना: ...लागू.

नजमाबादी: पिस्ते उतरले की शाळा पडतात, ही नवीनच विद्या. अगं, म्हातारा एक ओळ खाली सरकलाय. एका बातमीची खूण पुढच्या बातमीवर, पार शेवटपर्यंत. त्याचं मला काही नाही, डोळे म्हाताऱ्याचे. आता तुझी फाईल उघड.

मानदाना: डॉक्टर...

नजमाबादी: उघड. बघ, तूही सरकलीस. त्याच ओळीवरून. तुझे डोळे किती वर्षांचे?

मानदाना: मी सांगते सगळं.

नजमाबादी: सांगशीलच. सावकाश सांग, मला घाई नाही.

मानदाना: सुरुवातीला मी स्वतः वाचूनच खुणा करायचे. मग उस्तादांचा काशानहून फोन यायचा. पोरी, माझ्या वेड्यावाकड्या खुणा पाठवल्यात, सवडीने नजर टाक, कुठे चुकलो असेन तर कान धर. आता उस्तादांचा कान कोण धरणार? पण म्हटलंय तर बघायला हवं, म्हणून बघायचे. जिथे वेगळं दिसेल तिथे माझं बदलायचे.

नजमाबादी: त्यांचं बरोबर होतं म्हणून?

मानदाना: नाही. त्यांच्याविरुद्ध खूण करताना हात उचलायचा नाही म्हणून. मला त्यांनी अक्षर शिकवलंय, डॉक्टर. ते फोनवर विचारायचे, आपलं कुठे बिनसतंय का गं? मी म्हणायचे, कुठेच नाही, उस्ताद. इतके खूष व्हायचे.

नजमाबादी: आणि मग?

मानदाना: मग प्रबंध लिहायची घाई झाली. वाचणं सुटलं. त्यांच्या खुणा आल्या की माझ्या नावावर ठेवून द्यायचे.

नजमाबादी: वा. दारातून आधी कोण जाणार यावर आपल्या लोकांचं अर्धं आयुष्य उंबऱ्यावर जातं. आधी तुम्ही, छे छे, आधी तुम्ही. टॅक्सीवाला पैसे घेताना म्हणतो, राहू द्या हो, आणि ते खरं मानून निघालं तर मागे धावतो. तो तारोफ, तो तोंडदेखला आग्रह, चहाच्या दुकानात करा, लग्नात करा. तुम्ही तो माझ्या फाईलीत घातलात! मला दोन माणसांचं भांडण हवं होतं, मानदाना. मी तुम्हा दोघांना भांडायला नेमलं होतं.

मानदाना: मी पुन्हा वाचते. सगळं. पहिल्यापासून.

नजमाबादी: मंगळवारी तुझी तोंडी परीक्षा आहे. तिसरं प्रकरण याच खुणांवर उभं आहे. त्या खोट्या म्हणजे प्रबंध खोटा. सहा वर्षं पाण्यात, आणि विद्यापीठातून काढतील ते वेगळंच. काशानला जाऊन शिकवण्या घे मग. लोक विचारतील, डॉक्टर झालीस का गं? तू म्हण, झाले नाही, पण उस्तादांचा मान राखला.

मानदाना: काहीच उपाय नाही?

नजमाबादी: आहे की. परिषदेची तक्रार काय? दोघांपैकी एकाने दुसऱ्याचं उतरवलं. म्हणजे एकजण खोटा. दुसऱ्याच्या खुणा शाबूत राहतात. एकतिसावा प्रश्न गाळून टाकू, तू एकदा ओळ चुकलीस, होतं माणसाचं. खोट्या परीक्षकाच्या जागी नवा नेमू. संग्रह वाचला, प्रबंध वाचला.

मानदाना: पण उतरवलं तर मी.

नजमाबादी: हे मला कुठे ठाऊक आहे?

मानदाना: आत्ताच सांगितलं ना मी. आणि फाईलींवर तारखा असतात, डॉक्टर. माझ्या प्रत्येक वेळी त्यांच्यानंतरच्या.

नजमाबादी: असतात. मी पाहिल्यात. पण मला हल्ली जवळचं कधी दिसतं, कधी दिसत नाही. ते आता तुझ्यावर.

मानदाना: त्या माणसाने चाळीस वर्षं पोरांना सांगितलं, एक वेळ नापास व्हा, पण शेजाऱ्याच्या कागदात बघू नका.

नजमाबादी: मग तू खरं सांग. दार उघडं आहे. मी अडवलंय का?

मानदाना: तुम्ही... तुम्हीच सांगाल का त्यांना? मी बाहेर बसते.

नजमाबादी: छे, छे. मी कोणावर आळ घेत नाही, मला परलोकाची भीती आहे. मी फक्त विचारणार. उत्तर तुम्ही दोघांनी द्यायचं, आणि तू इथे बसून द्यायचंस. चहा सांगून ये. तीन कप.

मानदाना: आज? ते येतायत?

नजमाबादी: खाली फाटकापाशी आलेत. मी फोनवर म्हटलं, काम पुरं झालं, येऊन जा. त्यात खोटं काय? चौकीदार म्हणाला, हातात मिठाईचा डबा आहे. डोळे पूस. म्हाताऱ्याला वाटेल मी तुला रागावलो.

सरमदी: थकू नका, डॉक्टर साहेब! थकू नका! आपली सावली या विद्यापीठावरून कधी न हटो. उठू नका हो, मला लाजवता. मानदाना जान, तू तर मुळीच उठू नकोस.

मानदाना: सलाम, उस्ताद.

नजमाबादी: या, या. ही वरची खुर्ची आपली.

सरमदी: छे! आपल्यासमोर आणि वरची खुर्ची? मी इथे दाराशी बरा.

नजमाबादी: आपण बसल्याशिवाय मी बसणार नाही.

सरमदी: काय करावं तुम्हाला! बसतो, हुकूम आहे म्हणून बसतो. माफ कर पोरी, तुझ्याकडे पाठ झाली माझी.

मानदाना: फुलाला पाठ नसते, उस्ताद.

सरमदी: ऐकलंत, डॉक्टर? सहावीत होती तेव्हापासून अशी. हे घ्या, माझ्या बायकोने, तूबाने पाठवलंय. तांदळाची बिस्किटं, आणि ही बाटली आमच्या काशानच्या गुलाबपाण्याची. तुमच्या योग्यतेचं नाही, पण ती ऐकेना. म्हणाली, ज्यांनी तुम्हाला म्हातारपणी कामाला लावलं त्यांच्याकडे रिकाम्या हाताने जाल? मी शाळा सोडल्यापासून घरात नुसता खोकत होतो हो. आता सकाळी उठतो, चष्मा पुसतो, आणि ती शेजारणीला सांगते, हळू बोला, ते विद्यापीठाचं वाचतायत.

नजमाबादी: तूबा खानमचे हात दुखू नयेत. वा, तोंडात विरघळतंय. डोळे कसे आहेत आता?

सरमदी: चालतंय. थेंब घालतो. नातू म्हणतो, आजोबा, संग्रह जगात जाईल तेव्हा त्यावर परीक्षक म्हणून तुमचं नाव असेल. त्याने शाळेत सांगूनसुद्धा ठेवलंय, गाढवाने. मी म्हटलं, अरे, नावाचं काय... पण येईल ना, डॉक्टर?

नजमाबादी: त्याचबद्दल बोलायचंय. आपलं आणि मानदाना खानमचं अठ्ठ्याण्णव टक्के जमलं.

सरमदी: मी तूबाला म्हटलंच होतं! पोरीचं आणि माझं मन एक आहे. मी शिकवलेली आहे, दुसरं काय. दोन टक्के कुठे बिनसलं गं?

मानदाना: ते... पहिले काही प्रश्न, उस्ताद.

नजमाबादी: परिषदेला मात्र संशय आहे. त्यांच्या मते एकाने दुसऱ्याचं उतरवलं.

सरमदी: उतरवलं? मग तो गुन्हेगार मीच! उस्तादाने शिष्येचं उतरवलं म्हणजे शिष्या पुढे गेली, माझी मान उंचच झाली.

नजमाबादी: असं लिहून घेऊ?

सरमदी: थट्टा करताय, डॉक्टर साहेब.

नजमाबादी: हिला विचारा, मी थट्टा करतो का.

सरमदी: मानदाना जान, काय झालंय?

नजमाबादी: मी सांगतो. प्रश्न एकतीस. शाळा आणि भूकंप. आपण मध्येच एक ओळ सरकलात. पिस्त्याचा भाव लागू, शाळेची भिंत गैरलागू.

सरमदी: अरे देवा. थांबा, ती संध्याकाळ मला आठवते. थेंब नुकते घातले होते, सगळं पाण्यातून बघितल्यासारखं दिसत होतं. तूबा म्हणाली, उद्या करा. मी म्हटलं, पोरगी वाट बघत असेल. मी आंधळा, डॉक्टर, मला क्षमा करा. पण म्हणूनच दोघांना नेमलंत ना तुम्ही? पोरीच्या फाईलीत नीट असेल. तिची बघा.

नजमाबादी: तिच्यातही तसंच आहे.

सरमदी: तसंच म्हणजे?

नजमाबादी: त्याच ओळीवरून सरकलेलं. शेवटपर्यंत.

सरमदी: पण थेंब तर मी घातले होते.

नजमाबादी: आणखी एक बिस्कीट घेऊ का? संकोच वाटतो, पण फार चांगली झालीत.

सरमदी: घ्या. घ्या ना. तुमचीच आहेत.

नजमाबादी: तर माझा प्रश्न सोपा आहे. कोणी कोणाचं उतरवलं? मी बाजू घेत नाही. आपण दोघं एकमेकांना चांगले ओळखता.

सरमदी: डॉक्टर साहेब, ती लहान आहे. मोठ्यांच्या चुकीचं खापर लहानांवर फोडू नये. चूक कुठे झाली असेल तर माझ्याकडून झाली. हो की नाही गं, पोरी?

मानदाना: उस्ताद, तुम्ही...

सरमदी: बोल ना, बोल. मी ऐकतोय.

मानदाना: काही नाही. चहा घ्या. गार होतोय.

नजमाबादी: मंगळवारी हिची तोंडी परीक्षा आहे, सरमदी साहेब. सांगायचं राहिलं.

सरमदी: हो? मला बोलली नाही. बरं. बरं. तर मी काय म्हणत होतो, दोष माझाच. मी म्हातारा, मला नियम समजले नाहीत. खुणा तिच्याकडे मीच...

नजमाबादी: आपण आपल्या पाठवल्यात, की तिच्या मागवल्यात? दोन्हींत फार फरक आहे.

सरमदी: ते पोरगी सांगेल. तिला सगळं आठवतं, वर्गातसुद्धा मी काही विसरलो की तिलाच विचारायचो. सांग, मानदाना. तू म्हणशील ते.

नजमाबादी: सांग, मानदाना खानम. कोणाचं कोणाकडे गेलं?

सरमदी: माझ्याकडे बघ, पोरी. जमिनीकडे नको. मी रागावणार नाही. कधी रागावलो होतो का तुझ्यावर?

मानदाना: नाही, उस्ताद.

सरमदी: मग सांग. दोष माझाच, हे मी एकदा म्हटलंय, पुन्हा म्हणतो. आता तू बोल.

मानदाना: उस्तादांनी माझ्या मागवल्या.

नजमाबादी: जरा मोठ्याने.

मानदाना: माझ्या खुणा उस्तादांनी मागवल्या. मी मोठ्यांना नाही म्हणू शकले नाही. माझं त्यांनी उतरवून घेतलं.

नजमाबादी: एकतीस सुद्धा?

मानदाना: एकतीस सुद्धा. ओळ माझी सरकली होती.

नजमाबादी: सरमदी साहेब?

सरमदी: अं?

नजमाबादी: खानम म्हणतात ते बरोबर?

सरमदी: थेंब...

नजमाबादी: थेंबांचं मघाशी ऐकलं. हे बरोबर की चूक, एवढंच सांगा. चूक असेल तर सांगा, फाईलींवर तारखा असतात, बघता येतील. मग मात्र ही पोरगी उद्यापासून या इमारतीत दिसणार नाही. मी आपल्यावर सोडतो.

सरमदी: तारखा तुम्ही पाहिल्या नाहीत?

नजमाबादी: पाहायला लावताय का?

सरमदी: नको. बरोबर आहे. मी मागवल्या.

नजमाबादी: बघ मानदाना, सुंठीवाचून खोकला गेला. उगाच घाबरत होतीस. या ओळीखाली सही करा. वाचून दाखवू? "परीक्षक क्रमांक दोनने स्वतः न वाचता परीक्षक क्रमांक एकच्या खुणा उतरवून घेतल्या..."

सरमदी: मी प्रत्येक बातमी वाचली, डॉक्टर. काही तर दोन-दोनदा वाचल्या. भाषा सुंदर होती कधीकधी, म्हणून.

नजमाबादी: असेल. ते मोजता येत नाही. सही.

सरमदी: पेन कुठे...

मानदाना: हे घ्या, उस्ताद.

सरमदी: हं. एक विचारू? हा कागद तुमच्याच कपाटात राहील ना?

नजमाबादी: परिषदेला कळवावं लागतं. संग्रहासोबत टीप जोडतात, कोणाच्या खुणा का वगळल्या. उघड असते, नेटवर. आपल्या नातवाला नाव बघायचं होतं ना, सापडेल त्याला. आपला संग्रह शोधायला फार सोपा आहे.

सरमदी: क्रमांक दोन म्हणा ना नुसतं. नाव कशाला?

नजमाबादी: नाव नसेल तर ते पुन्हा विचारतील, दोन टोप्यांचा एकच माणूस का? नाही हो, खरीखुरी दोन माणसं होती हे दिसायला हवं. झाली सही? छान अक्षर आहे आपलं. मी यावर शिक्का मारून येतो. मानदाना, यांना गाडी बघून दे. डबा राहू द्या इथेच, सायंकाळच्या बैठकीला होईल.

मानदाना: उस्ताद.

सरमदी: माझा कोट कुठे ठेवलास?

मानदाना: हा. थांबा, मी घालते. उस्ताद, मंगळवार होऊ दे फक्त. एकदा पदवी हातात आली की मी सगळं नीट करीन. त्यांना पत्र लिहीन. शपथेवर सांगते.

सरमदी: बाही उलटी आहे गं.

मानदाना: तुम्ही एकदा जोरात म्हणाला असतात ना, खोटं आहे म्हणून, तर मी कबूल केलं असतं. खरंच केलं असतं. तुम्हीच दोष माझा, दोष माझा म्हणत राहिलात. मला वाटलं, तुम्ही मनापासून देताय.

सरमदी: देत होतोच.

मानदाना: मग?

सरमदी: घ्यायचं नसतं, पोरी. इतकं तर शिकवलं होतं.

मानदाना: माझी सहा वर्षं होती हो. तुम्हाला कोण विचारणार आहे आता काशानमध्ये? चार दिवस बोलतील, विसरतील. तुम्हाला कुठे नोकरी करायचीय?

सरमदी: बसचा थांबा डाव्या हाताला ना?

मानदाना: गाडी बोलावते मी. आणि शुक्रवारी मी घरी येते. तूबा खानमना तुम्ही काही सांगू नका, मी समजावते त्यांना. नेहमीसारखं जेवायलाच येते.

सरमदी: येऊ नकोस.

मानदाना: असं काय करता? तारोफ ना, उस्ताद?

सरमदी: नाही.